आठशे मीटर

मुलांनो, शाळेच्या वेळापत्रकात ‘शा. शि.’ असं लिहिलेला चौकोन कुठल्या वारी कितव्या तासाला येतो, हे तुम्हाला पाठ असेल. माझ्या तिसरीच्या वर्गालाही असतं. घंटा पुरती वाजायच्या आत निम्मा वर्ग मैदानावर आणि चपला मात्र दारात उलट्यापालट्या! मुली तर मुलांच्याही पुढे. लंगडी असो, खो-खो असो, त्या दमतच नाहीत.

पण पाच-सहा वर्षांनी त्याच मुली कुठे दिसतात सांगू? मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, गप्पा मारत बसलेल्या. ‘आम्ही नाही खेळत, बाई.’ आणि दहावीला तर तो तास बहुधा गणिताला जातो. हे फक्त आपल्या खान्देशातलं नाही, बरं का. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनत करावी. तेवढं कितीजण करतात, याचा जगभरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांतली चार त्यात कमी पडली, आणि मुली मुलांपेक्षा जास्तच.

आज मला तुम्हाला सांगायचं आहे ते माझ्या भाचीबद्दल. माझी बहीण जळगावला असते. तिची मुलगी गेल्या वर्षी कॉलेजात गेली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत पहिल्याच वर्षाला मुख्य विषयांबरोबर योग, खेळ आणि फिटनेस, एन. सी. सी., एन. एस. एस. असं काहीतरी घ्यावं लागतं. त्याला दोन क्रेडिट असतात. म्हणजे ज्याला खेळाडू व्हायचं नाही, त्यालाही मैदान सुटत नाही! भाचीनं फिटनेस घेतलं. का घेतलंस, असं विचारलं तर म्हणाली, “मावशी, त्यात लिहायचं कमी असतं.”

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांची उंची, वजन मोजलं, नाडी मोजली आणि सांगितलं, “आता मैदानाच्या दोन फेऱ्या. पळा, चाला, पण पूर्ण करा.” चारशे मीटरची एक फेरी, म्हणजे दोन फेऱ्यांचे आठशे मीटर झाले. पहिली फेरी संपेपर्यंत निम्म्याहून जास्त मुली चालू लागल्या होत्या. आमच्या बाईसाहेबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या मातीतच बसल्या. उठत बसत दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, तेव्हा मॅडमच्या घड्याळात ७ मिनिटं १० सेकंद झाले होते.

घरी हे कळल्यावर काय झालं असेल, कल्पना करा. वडील म्हणाले, “तिला झेपणारं नाही, विषय बदलून घे.” बहिणीच्या सासूबाई मूळच्या अमळनेरकडच्या. त्या अहिराणीतच म्हणाल्या, “आते पोरीस्नी बी पयानं का?” पयानं म्हणजे पळायचं. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या वेळी जात्यावर दळण, डोक्यावर पाणी आणि शेतापर्यंत रोजची पायपीट. शरीराला वेगळं पळवायची गरजच काय होती? मी त्यांना फोनवर आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतची गोष्ट सांगितली. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. सासूबाईंनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते काही कळलं नाही.

मॅडमनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला होता, “तुला जिना चढतानाही धाप लागते का गं?” लागायची. सकाळी उठायचा कंटाळा यायचा, वर्गात डोकं दुखायचं. घरात सगळे तिला आळशीच म्हणायचे. मॅडमनी तिला रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ८.९. तिच्या वयाला ते निदान १२ तरी हवं असतं.

हिमोग्लोबिन म्हणजे काय, हे मोठ्या वर्गातल्यांना ठाऊक असेल. आपण श्वास घेतला की हवेतला प्राणवायू फुप्फुसात येतो. तिथून तो पायाच्या पोटरीपर्यंत न्यायचा कुणी? रक्तातलं हिमोग्लोबिन हे त्याचे हमाल समजा. हमालच कमी असले तर माल पोचणार कसा? मग हृदयाला भराभर खेपा माराव्या लागतात, छाती धडधडते, पाय गळून जातात. हमाल तयार व्हायला लोह लागतं. मुली वयात आल्या की दर महिन्याला पाळीत थोडं रक्त जातं, त्याबरोबर लोहही जातं आणि तेवढं ताटातून परत येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींत एकोणसाठ मुलींना रक्तक्षय आढळला. शंभरात एकोणसाठ! आता सांगा, लिंबाखाली बसलेल्या त्या सगळ्या मुली आळशीच असतील का?

शाळेत तुम्हाला दर आठवड्याला एक गोळी मिळते ना? पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी. ती याचसाठी असते. काही जण ती जिभेखाली धरून ठेवतात आणि बाई वळल्या की खिडकीतून फेकतात, हे आम्हाला माहीत नसतं असं समजू नका हं!

डॉक्टरांनी भाचीला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिनाभर नुसतं चालायला सांगितलं. जेवणावर चहा बंद, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळायचं, त्यानं ते जास्त लागतं. एवढं ऐकल्यावर सासूबाई पुढे झाल्या. हरभऱ्याची भाजी, तीळ-गूळ, बाजरी आणि आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. धान्याला डाळीची जोड! वर्गातल्या कुणीतरी पावडरचा महागडा डबा आणला होता. सासूबाईंनी त्याची किंमत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावला गेले, तेव्हा तिच्याबरोबर पहाटे मैदानावर जाऊ लागले. अंधारात तिला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते. मेहरूण तलावाकडे फिरायला निघालेली माणसं वाटेत भेटायची. मला वाटलं होतं, मॅडम शिट्टी वाजवून दामटत असतील. तसं काही नव्हतं. शंभर मीटर पळायचं, शंभर मीटर चालायचं. पुढच्या आठवड्यात दोनशे पळायचं, शंभर चालायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. किती सोपं मोजमाप! पाळीच्या दिवसांत ज्यांना बरं वाटे त्या पळत, पोटात दुखे त्या बसत, आणि त्याची कुणी चर्चा करत नसे. मला ते फार आवडलं.

त्याच मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. आपल्या खान्देशात ती गावोगावी दिसतात. मी असते धुळ्याकडे. तिथे तर राज्य राखीव पोलीस दलाचा सहावा गट आहे, पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे, त्यामुळे खाकी वर्दी मुलांच्या रोजच्या नजरेत असते. भरतीला मैदानी परीक्षेचे ५० गुण. त्यातले २० एका धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. हे पूर्ण २० गुण हवे असतील, तर मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत यायचं. बाकी शंभर मीटर आणि गोळाफेक.

आमच्या शेजारच्या एका मुलानं जाहिरात निघाल्यावर पळायला सुरुवात केली. हाताशी दीड महिना होता. पहाटे महामार्गाच्या कडेनं, डांबरावर, रोज पाच-सहा किलोमीटर. अंधारात मागून ट्रक येतात, ती धास्ती वेगळीच. चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. तो तेल चोळून पळतच राहिला. शेवटी हाडाला बारीक चीर गेल्याचं निघालं आणि भरतीच्या दिवशी तो घरात पाय वर करून बसला होता. त्याची आई माझ्याजवळ रडली. पोरगा काही कमी मेहनती नव्हता हो! दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना मात्र महिने लागतात, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या भरतीसाठी तो आता मातीच्या मैदानावर पळतो, एक दिवसाआड.

भाचीचं वर्ष संपलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा साडेपाचला मैदान आणि सातच्या आत घर. सुट्टीत कॉलेज बंद होतं, तरी त्या सहाजणी येतच होत्या. तिचं हिमोग्लोबिन आता १२.१ आहे. आठशे मीटर ती न थांबता पळते. वेळ ३ मिनिटं ४ सेकंद. वडिलांनी परवा विचारलं, “म्हणजे भरतीला अजून किती कमी करायचे?” “चौदा सेकंद,” ती म्हणाली. हे चौदा सेकंद फार अवघड असतात म्हणे. आधीची चार मिनिटं कशी भराभर कमी झाली, पण आता एकेका सेकंदाला आठवडे लागतात. भरतीला बसायचं की नाही, हे तिचं अजून ठरलेलं नाही. सासूबाईंचं मात्र ठरलेलं दिसतं, कारण शेजारपाजारी त्या ‘आमनी पोलीस’ म्हणून सांगतात.

इकडे मी शाळेच्या मैदानावर फक्कीची एक गोल रेघ मारून घेतली आहे. दोरीनं मोजली, बरोबर ऐंशी मीटर भरली. दहा फेऱ्या म्हणजे आठशे. तिसरीची पोरं पळतात, चालतात, मध्येच बसून मुंग्या बघतात, पुन्हा पळतात. गुलाबी गोळीच्या दिवशी आधी सगळ्यांना जेवायला लावते, मग गोळी, मग प्रत्येकानं जीभ दाखवायची. काल एक चिमुरडी धापा टाकत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, दहा झाल्या. अकरावी मारू का?”