परतलेले गंधर्व

रोलिंग स्टोन्स या इंग्रज गाणाऱ्या मंडळीने २० ऑक्टोबर २०२३ रोजी ‘हॅकनी डायमंड्स’ नावाचा आपला नवा गीतसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा तिचा मुख्य गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता आणि त्याचा आयुष्यभराचा जोडीदार कीथ रिचर्ड्स ऐंशीला दोन महिने कमी. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा याआधीचा संग्रह २००५ सालचा. मधल्या अठरा वर्षांत या मंडळीचा तालाचा आधार, चार्ली वॉट्स, २०२१ साली वारला. नव्या संग्रहातील दोन गाण्यांत तेवढी त्याची साथ ऐकू येते.

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत या संग्रहावरून दोन दिवस वाद चालला होता. चाळीसगावासारख्या खानदेशातल्या तालुक्याच्या गावी लंडनच्या या म्हाताऱ्यांपायी दोन पोक्त गृहस्थांनी चहा निवू द्यावा, ही गोष्ट थोडी गमतीची खरीच. एकाचे म्हणणे असे की, ऐंशीव्या वर्षी तोच आवाज, तीच धडक, तोच उर्मटपणा; यापरते माणसाने आणखी काय मागावे? दुसऱ्याचे म्हणणे असे की, नेमका हाच त्याचा दोष. ऐंशी वर्षांच्या माणसाने ऐंशी वर्षांच्या माणसाचे गाणे गावे, पंचविशीचे सोंग कशाला आणावे? दोघेही ज्या तळमळीने बोलत होते, तीवरून माझी अशी खात्री झाली की, दोघांच्या डोळ्यांपुढे पुण्याच्या कुठल्याशा वसतिगृहातली एकच खोली, एक उसना टेपरेकॉर्डर आणि परीक्षेच्या आदली रात्र उभी होती. बिचारा जॅगर त्या खोलीत कसा मावणार?

हा वाद मी लहानपणी शुद्ध मराठीत ऐकलेला आहे. आमचे आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू यांचे सर्व विषयांत एकमत असे. फक्त नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचा विषय निघाला की पानाचा डबा मध्ये ठेवून दोघे भांडत. नारायणरावांनी १९३५ नंतर रंगभूमीवर उभे राहावयास नको होते, हा थोरल्यांचा पक्ष. देवाने देवळातून केव्हा उठावे हे भक्तांनी ठरवू नये, हा आजोबांचा. दोघांनीही तरुणपणी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून ‘स्वयंवर’ पाहिले होते, आणि दोघांच्याही बोलण्यात ती रुक्मिणी अशी येई की, आमच्या आजीने मान फिरवावी.

ज्यांना गंधर्व नाटक मंडळी केवळ नावाने ठाऊक आहे, त्यांना तिच्या वैभवाची कल्पना येणे कठीण. १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह नारायणरावांनी ती काढली. १९१६ चे ‘स्वयंवर’, त्यास भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली. १९१९ चा ‘एकच प्याला’ आणि त्यातली सिंधू. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. अशी साथ संस्थानिकांनाही सहसा लाभत नसे. येथे ती चार-आठ आण्यांच्या पिटातल्या प्रेक्षकालाही ऐकावयास मिळे. एकेका पदाला ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडत, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. खर्चाचा हिशेब नारायणरावांना कधी जमला नाही. १९२१ च्या सुमारास लाखाहून अधिक कर्ज अंगावर आले, आणि ते त्यांनी रंगभूमीवरचा थाट तसूभरही कमी न करता, गाऊन फेडले.

मग काळ पालटला. १९३१ साली बोलपट आला. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करावयाच्या, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही मान्य होऊ लागली. पंचेचाळिशी उलटलेल्या पुरुषाने शालू नेसून भामिनी व्हावे, हे ज्या रसिकांना काल अलौकिक वाटत होते, त्यांच्याच मुलांना ते चमत्कारिक वाटू लागले. नाटक मंडळी मोडकळीस आली आणि नारायणराव ‘प्रभात’च्या भागीदारीत बोलपटाकडे वळले. शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ १९३५ साली निघाला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते गांधीजींची आठवण देते म्हणून सरकारी परीक्षकांनी बदलावयास लावले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे एकनाथ त्यात नारायणरावांनी उभे केले.

हे नारायणरावांचे खरेखुरे पुनरागमन होते, असे मला वाटते, आणि त्याकडे आपण फार थोडे लक्ष दिले आहे. सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ सत्तेचाळीस वर्षांच्या संताची भूमिका करतो. शालू नाही, गजरा नाही, नाजूक पाऊल नाही. ज्या आवाजावर महाराष्ट्राने जीव टाकला तो आवाज आता कुठल्याही बहाण्यावाचून समोर आला आहे. यापेक्षा प्रामाणिक वाट कोणती? परंतु प्रेक्षकांना ती रुचली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे ज्याला रुक्मिणी म्हणून पाहिले, त्यांना तो दाढीमिशीचा एकनाथ पाहवेना. आमच्या थोरल्या आजोबांनी तर तो चित्रपट अर्ध्यावर सोडला. कारण विचारले तर म्हणत, “अरे, आपली आई पंचा नेसून बसली तर पाहवेल का?” उत्तर मोठे मार्मिक होते, आणि तितकेच निष्ठुर. स्वतः नारायणरावांनाही कॅमेऱ्यापुढे रुचले नाही. समोर माणूस नाही, दाद नाही, गाणे कोणाला उद्देशून म्हणावयाचे? ज्यांना ते ‘मायबाप’ म्हणत ते मायबाप त्या स्टुडिओत नव्हतेच. चित्रपट सोडून ते रंगभूमीवर परतले, आणि परतले ते शालू नेसूनच.

त्यानंतरच्या काळाविषयी लिहिणारे बहुधा हळहळ व्यक्त करतात. वय झाले होते, अंग सुटले होते, १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त तर ते सर्व पडद्यावर मोठे होऊन दिसले, दूरची खुर्ची जी दया दाखविते ती कॅमेरा दाखवीत नाही. परंतु या हळहळीत एक गोष्ट सोयीने विसरली जाते. त्यांना त्या शालूत परत पाठविले कोणी? एकनाथाकडे पाठ फिरविणाऱ्यांनीच पुढे रुक्मिणीच्या सुरकुत्या मोजल्या. रसिकाचे प्रेम ही मोठी थोर वस्तू आहे. पण ते सावकारी प्रेम असते. मुद्दल फिटले तरी व्याज चालूच राहते.

आणि प्रेमाचा हिशेब चुकला की तो कोणाच्या नावे टाकावयाचा, हेही ठरलेले असते. गोहरबाई कर्नाटकी या त्यांच्या गाण्यावर मुग्ध झालेल्या, त्यांच्या तबकड्या ऐकून त्यांच्यासारखे गावयास शिकलेल्या गायिका. त्या मंडळीत आल्या आणि पुढे नारायणरावांच्या सहधर्मचारिणी झाल्या. झाले! गंधर्वांच्या ऱ्हासाचे सारे खापर अर्ध्या महाराष्ट्राने त्यांच्या माथी फोडले. त्या मुसलमान होत्या, ही गोष्ट त्या खापराला वजन देण्यास पुरेशी होती. वस्तुतः नारायणरावांचे पाय लुळे पडल्यावर, पैसा व माणसे दोन्ही आटल्यावर, १९६४ साली स्वतःला मृत्यू येईपर्यंत त्याच त्यांच्याजवळ होत्या. बीटल्स मंडळी फुटली तेव्हा जगभरच्या भक्तांनी योको ओनोला असेच धरले होते. गंमत अशी की, ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचे शेवटचे गाणे, तेही २०२३ च्या नोव्हेंबरात, स्टोन्सच्या पाठोपाठच आले, ते मृत जॉन लेननच्या आवाजाची ध्वनिफीत योकोनेच १९९४ साली उरलेल्यांच्या हाती दिली होती म्हणून.

मग कलावंताने परतावेच कशाला, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या चाळीसगावातच राहून गेले. स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस हे छायाचित्रकार १९८९ साली वारेपर्यंत राहिले. विलायतेत शिकून आलेला, मानसन्मान मिळविलेला हा पारशी कलावंत कित्येक दशके घराबाहेर पडल्यासारखा पडलाच नाही. आगगाड्या येत होत्या, जात होत्या. ज्याला त्यांची कला पाहावयाची तो त्यांच्या दारी येई. लोकांपुढे जाणे नाही, म्हणून परतणेही नाही. हे उत्तर देखणे आहे. पण ते छायाचित्रकारालाच परवडते. टेबलावर कागद कापून, दिवा ठेवून बर्फाच्छादित डोंगर निर्माण करणाऱ्याला टेबल पुरते. गवयाला समोर माणूस लागतो.

असे असूनही एका गवयाला पाच-सहा वर्षे माणसांवाचून काढावी लागली, आणि त्याचे परतणे निराळे झाले ते त्यामुळेच. बेळगावाजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, बालपणीच प्रसिद्धीस आले ते एका विलक्षण हातोटीमुळे. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा पोर त्या हुबेहूब म्हणून दाखवी. लोक आश्चर्याने थक्क होत, टाळ्या पिटीत; आणि टाळ्या कशाला पडत आहेत हे त्या पोराला ठाऊक नसेल असे नाही. पुढे देवधर मास्तरांकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली लग्न झाले आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी हवापालटासाठी ते माळव्यात देवासला आले. गाणे बंद, बोलणेसुद्धा बेताने. पडल्या पडल्या खिडकीतून येणारी बायाबापड्यांची माळवी गीते तेवढी ऐकावयाची. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध त्याच काळात उपलब्ध झाले म्हणून प्राण वाचले, पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफिलीत बसले, तेव्हा ऐकणाऱ्यांत दुफळी माजली ती आजतागायत पुरती मिटलेली नाही. दमसासाचे लांबलचक गाणे गेले होते. त्याच्या जागी लहान लहान, एकाएकी झेप घेणारे आणि एकाएकी थांबणारे स्वर आले होते. घराण्यांच्या अभिमान्यांना त्यात शिस्त दिसेना. काहींनी तर सरळ म्हटले की, आजार्‍याने आपल्या अडचणीलाच शैली म्हणून मिरवले. मला ही टीका अगदीच खोटी वाटत नाही. अडचण होतीच. पण जुना कुमार हुबेहूब पुन्हा उभा करणे, हे काम त्या हातोटीच्या माणसाला किती सोपे होते, याचा विचार टीकाकारांनी केला नाही. ज्याला जगातल्या कोणाचेही गाणे उचलता येत होते, त्याने स्वतःचे जुने गाणे मात्र उचलले नाही. रसिकांची उधारी त्याने त्यांच्या नाण्यात फेडलीच नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे ‘हॅकनी डायमंड्स’विषयी माझे मत माझ्या दोन्ही सहकाऱ्यांच्या मताशी जुळत नाही. त्यातील बहुतेक गाणी भक्तांची देणी चुकविणारी आहेत. पॉल मॅकार्टनी, स्टीव्ही वंडर, लेडी गागा अशी बडी मंडळी पंक्तीला बोलावून चुकविलेली. ती मी एकदा ऐकली आणि पुरे झाली. अखेरचे गाणे मात्र मडी वॉटर्सचे आहे. अमेरिकेतल्या त्या काळ्या गवयाच्या ज्या गाण्यावरून या मंडळीने साठ वर्षांपूर्वी आपले नाव घेतले, तेच. त्यात फक्त जॅगर आणि रिचर्ड्स, दोघेच. जेव्हा त्यांना एकही भक्त नव्हता तेव्हाचे ते गाणे आहे, आणि तेथे दोन म्हातारे म्हाताऱ्यांसारखेच वाजतात. माझे सहकारी म्हणतात की ते गाणे संग्रहात उगाच शेवटी चिकटविले आहे. म्हणोत बापडे.

बालगंधर्वांना हे साधले नाही, कारण साधू दिले नाही. १९६७ साली ते गेले. पण त्यांचे एक पुनरागमन कुमारांच्या हातून झाले. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने कुमारांनी त्यांची पदे मैफिलीत मांडली आणि त्यांची तबकडीही निघाली. शालू नाही, रंगपट नाही. ज्याच्या अंगी नक्कल करण्याची अद्‌भुत शक्ती होती तो माणूस नक्कल न करता नारायणरावांचे गाणे गातो आहे. शीर्षकातला ‘मला’ हा शब्दही बेताने घातलेला नाही. पदांतून नाटक काढून घेतल्यावर मागे काय राहते, हा प्रश्न ‘धर्मात्मा’ने १९३५ साली विचारला होता, त्या वेळी उत्तर ऐकून घेण्यास कोणी थांबले नव्हते.

ती तबकडी आमच्या घरी आली तेव्हा थोरले आजोबा हयात नव्हते. आजोबा सत्तरी ओलांडून गेलेले, कानाने थोडे कमी. मी यंत्र लावले. पहिली बाजू संपेपर्यंत ते कपाळाला आठी घालून बसले होते, आणि संपताच म्हणाले, “हा काही नारायणरावांसारखा गात नाही.” मी तबकडी पाकिटात घालू लागलो. ते अडकित्त्याने सुपारी कातरीत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, “थांब रे. मागच्या बाजूला काय आहे, ते लाव.”