चोवीस एप्रिलचा फळा

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी ‘दिनविशेष’ लिहिण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. फळा लहान, तीन ओळींपलीकडे काही मावत नाही. त्यामुळे कोणाला ठेवायचे आणि कोणाला गाळायचे, हा निवाडा रोजच करावा लागतो. चोवीस एप्रिलला मात्र माझी पहिली ओळ ठरलेली असे : ‘मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची पुण्यतिथी (१९४२)’. रत्नागिरीत ही ओळ लिहायला कारण सांगावे लागू नये, असा माझा समज होता.

एका वर्षी सुट्टीत ग्रंथपालांच्या हाताखाली मराठीचाच एक विद्यार्थी येत होता. खडू माझ्या हातात असतानाच त्याने विचारले, “सर, आज सचिनचा वाढदिवस. तो नाही लिहायचा?” त्या आठवड्यात मी केवळ संगीताचे दिनविशेष लिहीत होतो, तसे त्याला सांगितले. तो फळ्याकडे पाहून म्हणाला, “पण हे तरी संगीताचे कुठे आहे? ही तर मरणाची नोंद आहे.”

त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, आणि म्हणूनच प्रश्न टाळता आला नाही.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. पुढे बोलपट आला आणि संगीत नाटकाच्या पायाखालची जमीन सरकली. मंडळींनी स्वतःच चित्रपट काढून पाहिला. तो चालला नाही, आणि कर्ज मागे उरले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघे एकेचाळीस. हे सारे माझ्या त्या एका ओळीत कुठेच नव्हते. त्यांचा आवाज तर नव्हताच.

रत्नागिरीशी त्यांचे नाते याच मंडळीमुळे जुळले. १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर येथे स्थानबद्ध होते. सरकारच्या परवानगीवाचून जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशी अट होती. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर खुले झाले ते १९३१ साली, आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले तेही १९३१ सालीच, ‘बलवंत’कडून. लेखकाचे पाऊल जिल्ह्याच्या वेशीशी अडत होते; त्याची पदे मात्र एका गायकाच्या गळ्यातून वेस ओलांडून गेली. त्या सावरकरांविषयी मतभेद असणारेही ती पदे ऐकताना थांबतात, हे मी पाहिले आहे. नाट्यपद आपल्या नाटकाहून अधिक जगते, आणि कित्येकदा आपल्या कर्त्याविषयीच्या वादांहूनही.

आमच्या घरी चावीचा फोनो होता आणि दीनानाथांची एक तबकडी होती. वडील ती सणावारीच काढत. तबकडीला एक चीर गेलेली होती, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येई. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वेळा ‘टक्’. मला लहानपणी तो तालाचाच भाग वाटे. पुढे तेच पद दुसऱ्याच्या घरी निर्दोष ऐकले, तेव्हा काहीतरी हरवल्यासारखे झाले होते.

वडील गेले त्याची तिथी मला तोंडपाठ आहे; तारीख मात्र मृत्यूच्या दाखल्यात पाहावी लागते. घरातल्या माणसाला आपण तिथीने आठवतो. तिथी दरवर्षी सरकते, कधी अधिक महिन्यामुळे फारच लांब जाते, आणि आपण तिच्यामागे जातो. सार्वजनिक माणसाला आपण तारखेने आठवतो, तरी शब्द वापरतो तो ‘पुण्यतिथी’ हाच. इतकी वर्षे मराठी शिकवून हा विसंवाद माझ्या लक्षात आला नव्हता. फळ्यावरच्या त्या ओळीत घरचा शब्द होता आणि कचेरीचा आकडा होता. मुलाला खटकले ते बहुधा हेच असावे. तारीख लिहिली होती, पण त्या दिवशी घर कोणाचे रिकामे झाले, ते लिहिले नव्हते.

त्या घरात पाच मुले होती. थोरली लता, जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा; म्हणजे वडील गेले तेव्हा तिला तेरावेही पुरे झाले नव्हते. मास्टर विनायकांनी हात दिला आणि त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये ती पडद्यावर दिसली, गायलीही. हौस म्हणून नव्हे, घर चालवायचे म्हणून. चोवीस एप्रिल १९४२ ही संगीताच्या इतिहासातली तारीख असेल, तर ती या अर्थाने. पण त्या दिवशी हे कोणाला दिसणार होते? त्या दिवशी दिसले असेल ते केवळ दुःख, आणि उद्याची चिंता.

योगायोग असा, की त्याच दिवशी, १९४२ सालच्याच चोवीस एप्रिलला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड जन्मली. तिचे वडील शिक्षक होते. ती सव्वा वर्षाची असताना तेही गेले. पुढे जगभर गाजलेल्या या गायिकेने १९८३ मध्ये ‘येंटल’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि तो वडिलांना अर्पण केला. या दोन घरांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तारखांच्या जुळणीतून काही सिद्ध होते असे मानणे म्हणजे ज्योतिष झाले. तरीही दोन ओळी शेजारी लिहिल्या की एक गोष्ट दिसू लागते : दोघींच्या गाण्यामागे एकेक न उरलेला बाप आहे.

आणि सचिन? त्या मुलाचे म्हणणे मी समजलो होतो त्याहून खरे निघाले. २४ एप्रिल १९७३ रोजी जन्मलेल्या त्या मुलाचे नाव ठेवले गेले ते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. बर्मनदांचे संगीत असलेला ‘अभिमान’ही त्याच वर्षीचा, आणि त्यात लताबाईंची गाणी आहेत. म्हणजे ती नोंदही अखेर संगीताचीच होती. मीच ती क्रिकेटची म्हणून बाजूला सारली होती. एका बापाने ऐकलेले गाणे मुलाच्या नावात ठेवले. बाप मुलांना जे देतो ते असेच असते, नकळत दिलेले आणि पुष्कळ उशिरा कळणारे.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. त्यानंतर आलेल्या पहिल्या चोवीस एप्रिलला फळ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. बाहेर ऊन चढले होते, आंब्याच्या पेट्या भरलेला एक टेम्पो रस्त्यात अडकून कर्णा वाजवत होता, आणि वाचनालयात वर्तमानपत्र वाचणारे दोघेच जण होते. तो विद्यार्थी तोवर नोकरीसाठी मुंबईला गेलेला. इतकी वर्षे लिहिलेली ओळ मी त्या दिवशी बदलली :

‘१९४२ : मास्टर दीनानाथ गेले. थोरली मुलगी कामाला लागली.’

दुसरी ओळ सचिनच्या नावाची लिहिली. तिसरी कोरी ठेवली. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपैकी एकाने जाताना ती जागा पाहून विचारले, “गुरुजी, खडू संपला काय?” मी हो म्हटले.

त्या संध्याकाळी घरी येऊन माळ्यावरची तबकडी काढली. फोनो केव्हाच मोडीत गेला आहे, त्यामुळे ती वाजवता येत नाही. बोटाने चीर तेवढी चाचपून पाहिली. ती जिथे होती तिथेच आहे.