छायाचित्रांचा शोध आणि नावांची थकबाकी

पूर्वी घरातील छायाचित्रे एका अल्बममध्ये मावत असत. काळी जाड पाने, चार कोपऱ्यांत खोचलेली चित्रे, दोन पानांमध्ये पातळ कागद. पाहुणे आले की अल्बम बाहेर निघे आणि घरातील वडीलधारी व्यक्ती बोट ठेवून नावे सांगे. आज मध्यम कुटुंबाच्या संगणकातही पंधरा-वीस हजार छायाचित्रे सहज साठतात. अल्बम चाळता येतो; वीस हजार छायाचित्रे शोधावीच लागतात.

कॅमेरा काही नोंदी स्वतःहून करतो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जात आणि मोबाईलला तशी परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही. ही माहिती छायाचित्राच्या फाइलमध्येच असते, तिला एक्झिफ म्हणतात. त्यामुळे 2023 ची दिवाळी क्षणात सापडते. अडचण जुन्या चित्रांची. स्कॅनरला फार तर स्कॅन केल्याचा दिवस माहीत असतो. म्हणून 1968 च्या लग्नातील वधूवर 2019 च्या यादीत जाऊन बसतात. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र टिपल्याची तारीख दुरुस्त करता येते. ते काम स्कॅन करताना लगेच उरकावे. ‘पुढे सवडीने’ म्हणून ठेवलेले हे काम सहसा होत नाही.

चेहरे तर यंत्रच ओळखते, असे तरुण मंडळी सांगतात. ते अर्धेच खरे आहे. लाइटरूममध्ये चेहरे वेगळे काढण्याची सोय 2015 साली आली आणि गूगल फोटोजही एकसारख्या चेहऱ्यांचे गट पाडते. पण हा चेहरा आणि तो चेहरा एकाच माणसाचा आहे, एवढेच यंत्र सांगते. तो माणूस कोण, हे कोणीतरी आधी सांगावे लागते. फेटा बांधलेल्या, उन्हाने डोळे बारीक केलेल्या, निम्म्या पुसट झालेल्या समूहचित्रात तर यंत्राचीही पंचाईत होते.

मग नावे लिहावी लागतात, आणि तेथे मराठी घरांची खरी परीक्षा असते. ‘काकू’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण तीच बाई कोणाची आई, कोणाची मावशी, कोणाची जाऊ असते. विवाहानंतर पूर्वी पहिले नावही बदलत असे. माहेरची माणसे एका नावाने शोधणार, सासरची दुसऱ्या. लाइटरूममध्ये प्रत्येक शोधशब्दाला पर्यायी शब्द जोडता येतात आणि चित्र दुसऱ्याला देताना ते पर्यायही सोबत पाठवता येतात. माहेरचे नाव तेथे लिहावे. शोधाची अटही नीट निवडावी लागते. ‘अमुक अक्षरे असलेले’ अशी अट घालून ‘नीता’ शोधली तर सुनीता आणि अनीताही हजर होतात. ‘पूर्ण शब्द’ अशी अट घातली की नीता एकटीच येते. आणि एकाने ‘नीता’, दुसऱ्याने ‘निता’, तिसऱ्याने रोमन लिपीत लिहिले, तर एका शोधात तिन्ही सापडत नाहीत. बँकेत एका खातेदाराची तीन नावांनी तीन खाती उघडली गेली म्हणजे जो घोळ होतो, तोच हा.

एकदा ठरवलेला शोध जपून ठेवण्याची सोय मात्र फार मोलाची आहे. लाइटरूमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2008 पासून, स्मार्ट कलेक्शन नावाची योजना आहे. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्येही शोध नाव देऊन जतन करता येतो. सामान्य अल्बममध्ये आपण चित्रे ठेवतो. येथे अटी ठेवल्या जातात. नवे चित्र त्या अटींत बसले की ते आपोआप आत येते, बसेनासे झाले की बाहेर जाते. खातेदाराने बँकेला एकदाच द्यावयाच्या स्थायी सूचनेसारखे हे आहे.

या योजनेत लाइटरूमने काही तयार संच दिलेले असतात. पाच तारे दिलेली चित्रे, गेल्या महिन्यातील चित्रे वगैरे. बहुतेक लोक ते पाहतात आणि विसरतात. त्यांतील एक संच मात्र साऱ्या सॉफ्टवेअरची किंमत वसूल करणारा आहे: ज्यांना एकही शोधशब्द दिलेला नाही अशी चित्रे. ही थकबाकीची यादी होय.

सांगलीतील एका घरात नातवाने ही यादी आजीसमोर उघडली तेव्हा तिच्यात अकराशेवर जुनी चित्रे होती. आजींचे वय शहाऐंशी. त्या पिढीतील दुसरे कोणी उरलेले नव्हते. रोज दुपारी अर्धा तास, पडद्यावर एक चित्र, आजी बोलत आणि नातू टंकित करी. “ही चंपा नव्हे, चंपाची धाकटी जाऊ. चंपाच्या नाकात मोरणी असायची.” असे एकेक नाव लागे आणि चित्र यादीतून निघून जाई. आजींना यादीवरचा आकडा उतरताना पाहण्याचा छंदच लागला. काही दिवस त्या थकलेल्या असत, तेव्हा आकडा हलत नसे, आणि घरातील कोणी त्याबद्दल बोलत नसे.

ज्यांचे नाव आजींनाही आठवेना, त्या चित्रांचे काय, हा प्रश्न आला. ती नुसती सोडून दिली असती तर यादीत कायम अडकली असती. अंदाजाने नाव घातले असते तर पुढच्या पिढीने ते खरे मानले असते. नातवाने ‘अज्ञात’ हा शोधशब्द दिला, मथळ्यात ‘मागील रांग, डावीकडून तिसरा, काळी टोपी’ असे वर्णन लिहिले आणि ‘अज्ञात’चा वेगळा स्मार्ट संच केला.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. लाइटरूम ही नावे प्रथम स्वतःच्या नोंदवहीत ठेवते. तशी आज्ञा दिल्याशिवाय ती छायाचित्राच्या फाइलमध्ये उतरत नाहीत. गूगलने 2004 मध्ये घेतलेले पिकासा 2016 मध्ये बंद झाले. सॉफ्टवेअरचे आयुष्य कौटुंबिक अल्बमपेक्षा फार लहान असते. म्हणून नावे फाइलमध्ये उतरवण्याची ती आज्ञा कॅटलॉगच्या सेटिंग्जमध्ये कायमची चालू करावी आणि मग फाइलींची प्रत दोन-तीन घरी ठेवावी.

सांगलीच्या त्या घरातील ‘अज्ञात’ संचात शेवटी सत्त्याहत्तर चित्रे राहिली. नातवाने ती कागदावर छापून, वर्णनासह, बेळगावला आजींच्या नव्वदीतील चुलत नणंदेकडे पाठवली. तिकडून पहिल्या आठवड्यात नऊ नावे आली आहेत.