किलोच्या भावातला वेताळ

माणसाला नाद कशाचा लागावा, याला काही नियम नाही. कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी निजामशाहीतील नाणी, तर कुणी पितळी अडकित्ते. आम्हांला जुन्या चित्रकथांचा नाद आहे. पोथ्या-हस्तलिखिते जमविणाऱ्याला समाजात मान असतो. केस पांढरे झाल्यावर वेताळाची नि मँड्रेकची पुस्तके शोधत रद्दीच्या दुकानात उकिडवे बसणाऱ्याकडे मात्र लोक जरा कीव येऊनच पाहतात. तरीही गेल्या अनेक वर्षांच्या या भटकंतीत आम्हांला जे लाभले आणि जे हुकले, त्याचा जमाखर्च एकदा मांडावा, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचा हिंगोली जिल्हा तसा धाकटा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. परंतु हिंगोली गाव जुने, निजामाच्या काळातील लष्करी ठाण्याचे. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे आजही त्याची साक्ष देतात. अशा गावची रद्दीही बहुभाषी असते. एकाच गठ्ठ्यात मराठी 'चांदोबा', हिंदी 'नागराज' आणि दिल्लीहून येणारे उर्दू 'खिलौना' गुण्यागोविंदाने नांदताना आम्ही पाहिले आहेत. यांतील पुष्कळसा माल आगगाडीने येई. पूर्णा-हिंगोली-अकोला हा मार्ग २००८ साली रुंद होईपर्यंत मीटरगेजचा होता. गाडी संथ चाले, आणि संथ गाडीतील प्रवाशाला वाचायला काहीतरी लागतेच. वाचून झालेली पुस्तके बाकावर राहत, घरी जात, माळ्यावर चढत, आणि दहा-वीस वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरत.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली जादूगार मँड्रेक आणि १९३६ साली फँटम निर्माण केला. हा फँटम आपल्याकडे 'वेताळ' झाला, तो 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. या काळात सुमारे ८०० अंक निघाले. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे १९८१ पासून साप्ताहिक, असा तिचा वेग वाढत गेला. मूळ कथांतील काही नावे भारतीय वाचकाला खटकतील म्हणून संपादकांनी ती बदलली. 'सिंघ' चाचे 'सिंगा' झाले, 'बेंगाली' देशाचे 'डेंकाली' झाले. १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला, आणि चंबळच्या डाकूंशी लढणारा, कुडता घालणारा आपल्या मातीतला नायक मुलांना मिळाला.

दुसरी माला 'अमर चित्रकथा'. १९६७ साली इंडिया बुक हाउसने ती अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू केली. तिचा प्रसिद्ध 'कृष्ण' हा अंक क्रमांक अकराचा. कारण पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांच्या कानडी पुस्तकांनी आधीच घेतलेले होते. 'कृष्ण'ची चित्रे राम वाईरकरांची. पुढे प्रताप मुळीकांनीही या मालेसाठी पुष्कळ चित्रे काढली आणि त्याच हाताने हिंदीतल्या नागराजालाही रूप दिले. या मालेत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचाही अंक निघाला होता. 'चांदोबा' ही चित्रकथा नव्हे, पण त्यातील शंकर यांनी चितारलेला, खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रमराजा ज्याने लहानपणी पाहिला, तो चित्रकथेच्या वाटेला लागल्याशिवाय राहत नाही.

एवढे अंक लाखोंनी छापले गेले, मग आज ते दुर्मीळ का? याचे उत्तर आमच्या किराणा दुकानांत आहे. प्लास्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वी जिरे, मोहरी, हळद हे सारे कागदाच्या पुडीतून मिळे. वर्तमानपत्राचा कागद मोठा, तो फाडावा लागतो. चित्रकथेचे पान मात्र छटाकभर जिऱ्याला अगदी बेताचे. वेताळाच्या कित्येक शौर्यकथा अशा फोडणीला गेल्या. शिवाय हा कागद स्वस्त लगद्याचा; त्यातील द्रव्यांवर उजेड-हवेचा परिणाम होऊन तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. उरलेले काम वाळवी आणि कसर करतात. थोडक्यात, जे कुणी जपून ठेवले नाही, तेच पुढे मोलाचे ठरते.

अमेरिकेतही हाच न्याय लागू पडला. १९३८ साली दहा सेंटला विकल्या गेलेल्या, सुपरमॅनची पहिली कथा असलेल्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लक्ष डॉलरला गेली. ही वार्ता ऐकून आपल्याकडेही अनेकांचे डोळे विस्फारले. पण त्याच देशातील दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९९१ साली 'एक्स-मेन'चा एक पहिला अंक निरनिराळी मुखपृष्ठे लावून काढण्यात आला. त्याच्या ८० लक्षांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला. उद्या सोने होईल म्हणून लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन न उघडता कपाटात ठेवल्या. सर्वांनीच जपल्यामुळे त्या कधी दुर्मीळ झाल्याच नाहीत, आणि आज त्यांना जुन्या पुस्तकाच्या साध्या भावापलीकडे फारसे कुणी विचारीत नाही.

आता आमच्या पदरी पडलेल्या लाभाच्या सौद्यांविषयी. हिंगोलीचा दसरा मोठा. रामलीला मैदानावरील प्रदर्शनाला दूरदूरची माणसे येतात. एका वर्षी आकाशपाळण्यामागे, बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेअखेरीस, एक म्हातारबुवा गोणपाटावर जुनी पुस्तके मांडून बसले होते. शाळेची गाइडे, व्रतांची पुस्तके, आणि त्यांच्याखाली साठच्या दशकातले सात मराठी इंद्रजाल! पाच रुपयांना एक, असा भाव त्यांनीच सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही. दुसऱ्या वेळी सेनगावच्या एका किराणा दुकानात पुड्यांसाठी रचून ठेवलेल्या गठ्ठ्यात 'बहादूर'चा एक अंक दिसला. दुकानदार म्हणाले, "सर, त्याच्या बदल्यात तेवढाच कागद आणून द्या, म्हणजे झालं." आम्ही दोन दिवसांची वर्तमानपत्रे देऊन तो सोडविला. त्याच्या मलपृष्ठावर हळदीची पाच बोटे उमटलेली आहेत. व्यापारी दृष्टीने तो डाग म्हणजे घट. पण हळदीच्या जिल्ह्यातला तो अंक आहे, याची ती खूणच आम्ही मानतो.

पश्चात्तापाचे सौदे या छंदात जरा अधिकच असतात. कळमनुरीचे आमचे एक स्नेही आहेत; उत्साह दांडगा, धीर कमी. त्यांना दूरच्या शहरातील एका विक्रेत्याने 'अमर चित्रकथेची १९६७ ची पहिली आवृत्ती' म्हणून एक अंक चांगल्या पाच हजारांना दिला. ते तो दाखवायला घेऊन आले, तेव्हा आम्ही फक्त प्रकाशकाचा पत्ता वाचायला सांगितले. पत्त्याशेवटी सहा आकडी पिनकोड होता. आपल्या देशात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. १९६७ च्या पुस्तकावर तो आला कुठून? स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहा घेऊन, अंक पुन्हा पिशवीत घालून निघून गेले.

त्यांचाच दुसरा अनुभव बांधीव खंडाचा. पूर्वी वाचनालये आणि हौशी पालक वीस-पंचवीस अंक एकत्र करून पुठ्ठ्याची बांधणी करून घेत. वाचायला सोय, पण बांधणारा कारागीर कडा समान करण्यासाठी यंत्राने कागद कापतो, आणि पुष्कळदा मुखपृष्ठेही काढून टाकतो. टपालाने आलेला त्यांचा खंड उघडला, तर प्रत्येक पानावरील वरच्या ओळीतील अक्षरांची डोकी उडालेली. वेताळ काय बोलतो ते अंदाजाने समजून घ्यायचे! फाटलेल्या पानाला लावलेली चिकटपट्टी हाही असाच शत्रू. पट्टी काही वर्षांनी गळून पडते, डिंकाचा तपकिरी डाग मात्र कायम राहतो. आणि मधले पान! पिना गंजल्या की आधी निखळते ते मधले पान. म्हणून अंक हाती येताच मुखपृष्ठ पाहून हुरळून न जाता मधले पान आणि पिना तपासाव्यात, असे आम्ही प्रत्येक नवख्याला सांगतो.

परंतु एक सौदा असा आहे, की तो जमेच्या बाजूला लिहावा की खर्चाच्या, हे आमच्या स्नेह्यांत आजही वादाचे आहे. काही वर्षांपूर्वी वसमतच्या एका ओळखीच्या रद्दीवाल्याने निरोप धाडला. एका वृद्ध बाईंच्या घराचे पत्रे बदलायचे होते, म्हणून माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली होती. पेटीत साठेक मराठी इंद्रजाल. पिना चकचकीत, मुखपृष्ठे शाबूत, प्रत्येकावर कोपऱ्यात एका मुलाचे नाव शाईने नीट लिहिलेले. रद्दीवाला तागडी घेऊन उंबऱ्यात बसला होता. सारी पेटी शंभर-दीडशे रुपयांत त्याच्याकडे आणि पाचशे रुपयांत त्याच्याकडून आमच्याकडे येणार, हे जणू ठरलेलेच होते.

बाईंनी आम्हांला पाणी दिले आणि विचारले, "बाबा, तुमी एवढ्या दुरून या कागदासाठी आलाव?"

हा प्रश्न साधा होता, पण त्याला खोटे उत्तर देणे अवघड होते. हे कागद किलोच्या भावाने देण्याजोगे नाहीत, एकेका अंकाला दोन-तीनशे रुपये देणारी माणसे आहेत, आमच्या खिशात चार हजार आहेत आणि ते सगळे आम्ही देतो, असे आम्ही त्यांना सांगितले. बाई क्षणभर पेटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं हाय तर ऱ्हाऊ द्या बाबा. लेकाची पेटी हाय. पुण्याला असतो. त्याला इचारल्याबिगर नाही द्यायची." पेटीचे झाकण लागले. परत येताना रद्दीवाला एवढेच म्हणाला, "सर, तुमचंही गेलं अन् माझंही." त्याची त्या दिवसाची रोजी बुडाली होती, आम्ही त्याला त्याच्या फेरीचे पैसे दिले.

पुढे कळले, की त्या मुलाने अर्धे अंक पुण्यातच कुणा संग्राहकाला विकले, अर्धे स्वतःकडे ठेवले, आणि आलेले पैसे पत्र्यांच्या खर्चाला लागले.

आमचे कळमनुरीचे स्नेही म्हणतात, की बाजारात ज्याला मोल कळते त्याचाच माल. सांगायची गरज नव्हती. शेतात पुरलेला ठेवा सापडल्यावर तो पुन्हा झाकून ठेवून ते शेतच विकत घेणाऱ्या माणसाचा शुभवर्तमानातील दाखला ते आमच्यावरच उलटवतात. त्या माणसाने तरी शेताच्या मालकाला कुठे सांगितले होते? आम्ही म्हणतो, तो दाखला स्वर्गराज्यासाठी सर्वस्व विकण्याचा आहे. जमिनीच्या व्यवहाराचा नमुना म्हणून तो दिलेला नाही. आणि त्या माणसाने निदान आपले होते-नव्हते ते सारे विकले होते. आम्हांला तर ती पेटी पाचशे रुपयांत हवी होती.

दसऱ्याच्या म्हातारबुवांचे काय, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारील. तो आम्हीही स्वतःला विचारला आहे. ते पुस्तकांचे विक्रेते होते. मालाचा भाव ठरवणे हा त्यांचा धंदा, आणि त्यांनी तो स्वतः ठरवला होता. वसमतच्या बाई विक्रेत्या नव्हत्या. त्यांच्या हातात पेटी होती, पण तिचे मोल त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारायला जवळ कुणी नव्हते. दोहोंत हा फरक आहे, आणि भाग्याचा सौदा कुठे संपतो ते आम्ही या फरकावरून ठरवतो. ज्याने भाव सांगितला त्याच्याकडून स्वस्तात मिळाले तर आनंदाने घ्यावे. ज्याने भाव विचारला त्याला खरा भाव सांगावा.

आज आमच्या कपाटात दोनशेच्या आसपास अंक आहेत. कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवलेले. सुटीच्या दिवशी गल्लीतली मुले येतात आणि हात धुऊन, चटईवर बसून ते वाचतात. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य वाचण्यास दिले आहेत, हे आम्ही त्यांना सांगतो. पण कागदाचे पान उलटण्याची गोडी त्यांना सुटत नाही. प्रत्येक वाचनागणिक अंकाची किंमत थोडी उतरते, असे संग्राहकांचे शास्त्र सांगते. ते खरेही आहे. गेल्या उन्हाळ्यात दसऱ्याच्या सातांपैकी एका अंकाचे मधले पान सुटले. ते पान आम्ही साध्या दोऱ्याने टाचले आणि अंक पुन्हा चटईवर ठेवला.