मातीचे दप्तर : रोदॅमस्टेडच्या शेताची पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची नोंद

१/
मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक ‘दप्तर’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रुमालांत बांधलेले मोडी कागद येतात. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात, रोदॅमस्टेड येथे, एक दप्तर बाटल्यांत भरलेले आहे. शेतातील माती, धान्य, पेंढा आणि खत यांचे तीन लाखांहून अधिक नमुने तिथे जपलेले आहेत. जमीन जशी कसली जाते तसे तिच्यातील कार्बन आणि नत्र कसे वाढतात किंवा आटतात, त्याची ही हकिकत. (थ्रेड)

२/
जॉन बेनेट लॉज हा रोदॅमस्टेडचा जमीनदार. हाडांवर आम्लाची प्रक्रिया करून तयार होणाऱ्या सुपरफॉस्फेट खताचे पेटंट त्याने १८४२ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला त्याने सोबत घेतले आणि १८४३ च्या शरदात ‘ब्रॉडबॉक’ नावाच्या शेतात गहू पेरला. त्या शेताच्या सगळ्या किंवा काही भागात तेव्हापासून आजतागायत दरवर्षी गहू पेरला जातो.

३/
प्रयोगामागे एक वाद होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचे मत असे की पिकाला लागणारे नत्र हवेतून पुरेसे मिळते; शेतकऱ्याने फक्त खनिजे परत केली म्हणजे झाले. लॉज आणि गिल्बर्ट यांना हे पटत नव्हते. त्यांनी शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, इतरांना निरनिराळे क्षार.

४/
निकाल लवकरच लागला. नत्राशिवाय गहू फोफावत नाही, हे उघड झाले. दुसरी गोष्टही दिसली : योग्य प्रमाणात रासायनिक खते दिलेल्या पट्ट्यांतील उत्पन्न शेणखताच्या पट्ट्याच्या जवळपास येई. खळ्यावरची रास पाहून दोन्ही जमिनी सारख्याच आहेत, असे कोणीही म्हटले असते.

५/
माती मात्र वेगळे सांगत होती. शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कार्बन काळाच्या ओघात, काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. रासायनिक खताच्या पट्ट्यांत तो उपाशी पट्ट्यापेक्षा थोडासाच जास्त राहिला. तोही मुख्यतः पीक जोमाने वाढून मुळे व धसकटे अधिक उरल्यामुळे. धान्य सारखे, पण मातीतील ठेव निराळी.

६/
ही ठेव घडते कशी? मुळे, पाचोळा आणि शेण यांतील कार्बन मातीतले सूक्ष्मजीव खातात. बराचसा कर्बवायू होऊन हवेत जातो, थोडा ह्युमस होऊन उरतो. नांगरटीने ढेकळे फुटतात, हवा खेळते, आणि सूक्ष्मजीवांचे काम वेगाने चालते. शिवाय सुगीला कार्बनाचा मोठा वाटा गाडीत भरून गावात जातो. नांगर आणि विळा यांनी काढलेले परत न केल्यास ठेव आटत जाते.

७/
नत्र याच ठेवीत गुंतलेले असते. शेतजमिनीच्या ह्युमसात साधारणपणे दहा ते बारा भाग कार्बनामागे एक भाग नत्र असते. म्हणून नत्राशिवाय कार्बन साठत नाही, आणि ह्युमस कुजले की नत्र मोकळे होते. नवी जमीन मोडल्यावर पहिली काही वर्षे भरघोस पीक येते, त्याचे एक मोठे कारण हेच. ते पीक मुद्दल खर्चून आलेले असते.

८/
शेजारच्या हूसफील्ड शेतातील पुरावा सर्वांत बोलका आहे. तिथे १८५२ पासून बार्ली आहे. एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी केवळ वीस वर्षे शेणखत मिळाले, मग कायमचे बंद. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या मातीत, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या पट्ट्यापेक्षा कार्बन आणि नत्र जास्त आढळले. ज्यांनी ते खत टाकले, ते तोवर हयात नव्हते.

९/
उलट दिशेचाही प्रयोग झाला. १८८२ मध्ये ब्रॉडबॉकच्या एका टोकाचा गहू कापलाच नाही. तो तुकडा रानाला सोडून दिला. चारच वर्षांत तिथे गव्हाची काही खुरटी रोपे तेवढी शिल्लक राहिली. पुढे झाडे वाढली, जंगल झाले, आणि नांगर न लागलेल्या त्या मातीत कार्बन व नत्र दोन्ही वाढत गेले.

१०/
या दप्तरात आशेला आवर घालणाऱ्या नोंदीही आहेत. शेणखताने कार्बन आरंभी भराभर वाढतो, मग वेग मंदावतो, आणि शेवटी जितका येतो तितका जातो असा समतोल होतो. शेताखाली १८४९ मध्ये निचऱ्याच्या नळ्या घातल्या होत्या. त्यांतील पाण्याने नायट्रेटची गळती दाखवून दिली. भरपूर शेणखताचा पट्टाही या गळतीतून सुटलेला नाही.

११/
शिवाय हेक्टरी ३५ टन शेणखत आणायचे कोठून? एका पट्ट्याची श्रीमंती म्हणजे दुसऱ्या कुरणाचा चारा. या प्रश्नाला एक उत्तर होळकरांच्या इंदूरात शोधले गेले. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून तेथील संस्थेचा संचालक होता. यशवंत वाड यांच्यासह त्याने १९३१ मध्ये ‘इंदूर पद्धती’वरचे पुस्तक प्रसिद्ध केले.

१२/
माळव्यात शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई. म्हणून थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवायचा, हे सूत्र. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. त्यांत कार्बन भरपूर, नत्र तुटपुंजे. ती उणीव शेणाने आणि गोठ्यातील मूत्र मुरलेल्या मातीने भरून निघे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

१३/
लॉजला काळाचे हे माप ठाऊक असावे. १८८९ मध्ये त्याने एक लाख पौंडांचा न्यास केला. तो १९०० मध्ये वारला, गिल्बर्ट १९०१ मध्ये; पेरणी थांबली नाही. आज जमिनीत कार्बन साठवण्याच्या योजना मोजक्या वर्षांच्या करारांत मांडल्या जातात. हूसफील्डचा हिशेब शतकाचा आहे.

१४/
आपल्या महसुली कागदांत मिरासदार आणि उपरी हा भेद वारंवार भेटतो : एकाचा हक्क वंशपरंपरेचा, दुसऱ्याचा कराराच्या मुदतीपुरता. हा भेद एरवी हक्क आणि साऱ्याच्या अंगाने वाचला जातो. तो मातीच्या अंगानेही वाचावा. ज्याला पुढच्या वर्षी शेत राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याने शंभर वर्षे टिकणारे खत का टाकावे? जमिनीतील कार्बनाचा प्रश्न शेवटी जमिनीच्या हक्कापाशी येऊन थांबतो.
(समाप्त)