अर्थिंगची तार

मुंबईला आपण ‘अर्थिंग’ म्हणतो, इथे मिशिगनमध्ये ‘ग्राउंडिंग’, गोष्ट एकच. आम्ही पेंट शॉपवाले तिला जिवापाड जपतो. स्थिर विजेच्या स्प्रेगनमध्ये रंगाच्या थेंबांना १ लाख व्होल्टपर्यंत भार देतात, म्हणून रंग जमिनीशी जोडलेल्या पत्र्याकडे आपसूक ओढला जातो. पण हुकावर जुन्या रंगाची पुटं चढली, की पत्रा जमिनीपासून तुटतो, भार साठतो, ठिणगी उडते; आणि थिनरची वाफ पेटायला तेवढी पुरते! म्हणून हुक वेळच्या वेळी खरवडायचे, रोध १० लाख ओहमच्या आत आहे ना हे मीटरने बघायचं, गन उघड्या हातानं किंवा वीजवाहक हातमोजे घालूनच धरायची. मंडळी, सुट्टीत तुमची कॉलेजातली मुलं अशा कामाला लागली, तर पगाराआधी एवढं जरूर विचारा, “अर्थिंग तपासलंय ना?”