मोटारीचे डोळे आणि कयाधूकांठचें धुकें

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. येथील थंडी दोन-तीन आठवडे काय ती नेटानें पडते. शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटतात, म्हातारीं माणसें पेटींतल्या कानटोप्या शोधूं लागतात, आणि संक्रांतीचा तिळगूळ डब्यांत आहे तोंच ती ओसरूंहि लागते. त्यामुळें, थंड देशांत बर्फ व चिखल बसून मोटारीचीं यंत्रें आंधळीं होतात असें कोणीं सांगितलें, तर तें दूरदेशींचें संकट म्हणून आपण सोडून देतों. गेल्या पौषांत मात्र तें आमच्या वाटेवर आडवें आलें.

माझ्या पत्नीच्या डाव्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठीं आम्हांस नांदेडास जावयाचें होतें. डॉक्टरांची तारीख दोन महिन्यांनीं मिळालेली, वेळ सकाळीं आठाची. पुण्याहून आलेला माझा पुतण्या आपली नवी मोटार घेऊन पहांटे साडेपांचास दारांत उभा राहिला. ही मोटार चालकास साहाय्य करते, याचें त्यास मोठें कौतुक. समोरच्या कांचेच्या आंत, आरशामागें बसविलेला कॅमेरा रस्त्यावरील पट्टे, माणसें व वाहनें ओळखतो. पुढच्या जाळीआड दडविलेलें रडार पुढील वाहनाचें अंतर आणि वेग मोजतें. बंपरांत बसविलेल्या लहानशा चकत्या आपल्या कानांस ऐकूं न येणारा ध्वनि सोडून भिंत किती जवळ आली तें सांगतात. पुढचा मंदावला तर ही मंदावते, टक्कर होणार असें दिसल्यास आपण होऊन ब्रेक लावते. आपल्याकडे 2021 च्या सुमारास मध्यम किंमतीच्या मोटारींतहि हीं साधनें येऊं लागलीं.

कळमनुरीच्या अलीकडे, सखल भागांत, धुक्यानें आम्हांस गांठलें. याचें कारण उघड आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिच्या लगतची ओलसर हवा निवते आणि तींतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. कयाधूचें खोरें, इसापूर धरणाचे कालवे आणि त्यांवर वाढलेला ऊस. ओलाव्यास तोटा नाहीं. एक किलोमीटरच्या पलीकडचें दिसेनासें झालें कीं हवामानशास्त्र त्यास धुकें म्हणतें. आम्हांस तर रस्त्यावरचा तिसरा पट्टा दिसत नव्हता.

इतक्यांत समोरच्या पडद्यावर सूचना उमटली कीं, कॅमेरा झांकला गेला आहे, साहाय्य मिळणार नाहीं. पाठोपाठ रडारासंबंधीं तशीच दुसरी.

"काका, नेमकी गरज आहे तेव्हांच ही हात वर करते!" पुतण्या म्हणाला.

त्याचा त्रागा मला समजला. परंतु यंत्राची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्याहि निम्मी. धुक्याचा थेंब तिच्याहून कितीतरी मोठा. त्यावर आदळून प्रकाश चोहोंकडे विखुरतो, आणि कॅमेऱ्यास सर्वत्र पांढरें फटफटीत दिसतें. मोटारीचें रडार चालतें तें 77 गिगाहर्ट्झच्या आसपास. त्याची लहर जवळजवळ चार मिलिमीटर लांबीची. तिच्यापुढें धुक्याचा थेंब म्हणजे कस्पट, ती सहज पलीकडे जाते. मग रडारानें कां हार खावी? पुतण्या गाडी कडेस घेऊन खालीं उतरला तेव्हां उलगडा झाला. दंवानें भिजलेली काळ्या मातीची धूळ पुढच्या जाळीवर लेपासारखी बसली होती. हवेंत तरंगणारे थेंब रडारास अडवीत नाहींत, पण तोंडावरच पाण्याचा वा चिखलाचा थर बसला तर तो त्या लहरी गिळून टाकतो. दूरदेशींचें बर्फ करतें तेंच काम आमच्या काळ्या मातीनें केलें होतें. फडक्यानें पुसल्यावर एक सूचना मावळली; कॅमेऱ्याची तशीच राहिली.

येथें मला औंढ्याची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हावयाची आहे; तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी 2023 च्या एप्रिलांत मिळाली. तिच्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांतून लेसरचा किरण धांवेल, तो हवा काढून घेतलेल्या नळ्यांतून. कारण हवेनें मापन बिघडतें. शास्त्रज्ञांस नळी बांधून हवा दूर सारतां येते. नांदेडच्या रस्त्यास नळी कोण बांधणार?

आम्ही पुढें निघालों तें माणूस चालेल त्याहून थोड्या अधिक वेगानें, कांचा खालीं करून. थंडी आंत शिरली तशी पत्नीनें शाल डोक्यावरून घेतली. तिला धुकें असो वा नसो, गेलें वर्षभर सारखेंच दिसत होतें. तीच एकाएकी म्हणाली, "अरे, थांब जरा. गाणें वाजतें आहे, ऐकूं येत नाहीं का?"

पुतण्यानें ब्रेक लावला. पंधराएक पावलांवर, धुक्यांतून उसाचा डोंगर पुढें आला. ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली चाक फुटून रस्त्यांतच उभी होती. मागें दिवा नाहीं, चमकणारी पट्टी नाहीं, चाकांना दगडांची उटी लावलेली. ट्रॅक्टरवरचें गाणें तेवढें मोठ्यानें चालूं होतें.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, रडार तर पुसलें होतें, मग त्यानें कां सांगूं नये? पुढें धांवणारें वाहन रडार चटकन ओळखतें. उभ्या वस्तूची गोष्ट निराळी. पाट्या, पूल, कठडे यांवरूनहि लहरी परत येतात, आणि प्रत्येकास भिऊन मोटार थबकूं लागली तर मागचा येऊन आदळेल. म्हणून पुष्कळ यंत्रणांत उभ्या वस्तूविषयीं रडाराच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबत नाहींत. कॅमेऱ्याची दुसरी साक्ष लागते. तो साक्षीदार तर आधींच गैरहजर. त्यांतून ऊस म्हणजे कांहीं लोखंड नव्हे, त्यावरून लहरी तितक्या ठळक परतत नाहींत. बंपरांतल्या चकत्यांची धांव चार-दोन मीटरांची.

गळिताच्या हंगामाच्या आरंभीं साखर कारखाने आणि पोलीस ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावतात, हें खरें. पण भरलेल्या उसाचीं वाढीं मागें लोंबूं लागलीं कीं पट्टी त्यांखालीं झांकली जाते. पट्टी उसाच्या वर, काठीला बांधून कां लावूं नये, हें मला आजवर कोणीं समजावून दिलेलें नाहीं. त्यास खर्च तो कितीसा?

"काकू, आठ वाजतां पोहोंचणें कांहीं व्हावयाचें नाहीं," पुतण्या म्हणाला.

"जाऊं दे तारीख. दोन महिने थांबलें, आणखी दोन थांबेन," ती म्हणाली.

पुढच्या फाट्यावरील चहाच्या हॉटेलांत आम्ही पावणेदोन तास बसलों. ऊन वर आलें तसें धुकें विरलें. कॅमेरा जागा झाला, आणि अर्धापूरजवळ रस्ता वळतांच तिरपें ऊन त्याच्यावर पडून दोन वेळां पुन्हां दिपला. साडेनवास नांदेडांत पोहोंचलों. डॉक्टरांनीं आम्हांस शेवटचा क्रमांक दिला, आणि दुपारीं शस्त्रक्रिया झाली.

तिसऱ्या दिवशीं परततांना तें ठिकाण लागलें. ट्रॉली गेलेली होती. चाकांना लावलेले दगड मात्र रस्त्यांत तसेच. ते पत्नीसच प्रथम दिसले. पुतण्यानें मोटार कडेस उभी केली, आणि आम्ही दोघांनीं मिळून ते उचलून नाल्यांत टाकले.